आशूला काय सांगू?

अहो,

तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली, एवढ्या दिवसांत मी तुम्हाला एक ओळही लिहिली नाही. तुम्ही असतानाही कुठं लिहिली होती? माहेरी गेले तरी चार दिवसांत परत यायची, मग पत्र कशाला लागतंय. पण आज मला तुमच्याशी भांडायचं आहे. या विषयावर भांडायला दुसरं माणूस मला नाही, म्हणून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून लिहिते आहे.

दुपारी आशूचा फोन आला. मी कांदा परतत होते. एरवी आपली लेक फोन केला की आधी विचारते, जेवलीस का, गोळी घेतलीस का. आज म्हणाली, "आई, जरा बस. एक इचारायचं हाय तुला." मी उभीच राहिले. तिनं सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "तू न्हाय म्हणालीस तर मी जाणार न्हाय." मी म्हणाले, "कांदा करपालाय, मागनं बोलू," आणि फोन ठेवून दिला. कांदा खरंच करपला होता. तो टाकून दिला आणि तेव्हापासून गॅस पेटवलेला नाही.

संध्याकाळपर्यंत तिला तिच्या साहेबांना कळवायचं आहे. म्हणजे मलाही तोवरच वेळ आहे.

तुम्ही गेलात तेव्हा ती परदेशातल्या त्या संस्थेत नुकतीच रुजू झाली होती. कुठल्या देशाकडं किती अण्वस्त्रं आहेत, ठरल्याप्रमाणे ती ठेवली आहेत का, हे जाऊन तपासणारी माणसं. गल्लीत आपण एवढंच सांगायचो आणि लोक न समजता मान हलवायचे. तुम्ही मात्र हॉस्पिटलात नर्सला सांगत होता, "आमची लेक माझ्याच खात्यात हाय बघा. मी बाजारातली वजनं तपासायचो, तिची जरा जड हायत." नर्स हसली, मीही हसले. वजनमाप खात्यातला माणूस मरायला टेकला तरी वजनावरच बोलणार, असं मला वाटलं होतं.

त्यानंतर जग फार बिघडलं हो. कुठले दोन देश ते मी लिहीत नाही. टीव्हीवर ती नावं ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत. दोघांकडंही ती अस्त्रं आहेत. आधी सीमेवर तोफा चालल्या, मग दोघांनी क्षेपणास्त्रं बाहेर काढून एकमेकांवर रोखून ठेवली. आशू सांगते, समोरच्यानं सोडलं असा नुसता संशय आला तरी उलट सोडायचं की नाही ते ठरवायला चहा उकळण्याएवढाच वेळ असतो. हे तिनं मला सांगायला नको होतं. आता चहा ठेवला की मी पातेल्याकडं बघत उभी राहते आणि उकळी यायच्या आतच गॅस बंद करते.

पलीकडच्या शेवंताक्कानं तर तांदळाची पोती आणि काड्यापेट्या भरून ठेवल्या आहेत. सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणारं विमान जरा खालून गेलं की ती अंगणात येऊन वर बघते. मी तिला म्हणाले, "अगं, ते देश इथनं किती लांब." तर मला म्हणाली, "वारं काय पासपोर्ट दाखवून येतंय व्हय?" मी घरात आले आणि गुपचूप दोन किलो मीठ जास्तीचं मागवलं. तुम्ही असता तर आठवडाभर त्या मिठावरून मला चिडवलं असतंत.

कितीतरी महिने बोलणी चालली होती. तिसऱ्याच देशातल्या एका हॉटेलात, दोघं दोन वेगळ्या मजल्यांवर. एकमेकांचं तोंड बघायला तयार नाहीत, म्हणून मधली माणसं कागद घेऊन जिना चढउतार करायची. आशू त्यांतली एक. तिच्या गुडघ्याला सूज आली होती, ते तिनं मला फार उशिरा सांगितलं. सगळं अडलं होतं ते एवढ्यावरच, की क्षेपणास्त्रं आधी कोण मागं घेणार? हा म्हणतो तो, तो म्हणतो हा.

शेवटी जमलं ते असं. दोघांनी एकाच दिवशी काही क्षेपणास्त्रांवरचे बाँब उतरवायचे, कोठारात ठेवायचे, कोठाराला सील लावायचं. आणि सील शाबूत आहे का हे तिसऱ्याच लोकांनी तिथं जाऊन बघत राहायचं. तपासणी कुणी नाकारली किंवा तपासणारेच वेळेवर पोचले नाहीत, तर करार मोडला.

हे बघायला जाणाऱ्या पहिल्या तुकडीत आशूचं नाव आहे, आणि जाऊ का, हेच तिनं दुपारी विचारलं. एक कोठार सीमेच्या अगदी जवळ आहे आणि तिकडचा गोळीबार पुरता थांबलेला नाही. तिच्याबरोबरची काही माणसं घरची अडचण सांगून मागं फिरली. त्यांना मी नावं ठेवत नाही. मी त्यांची आई असते तर मीच ती अडचण झाले असते.

आता भांडणाचं. त्या दिवशी पोरीला तंबाखूच्या गोदामावर का नेलंत?

आपण निपाणीत राहत होतो तेव्हाची गोष्ट. तुम्ही विसरला असाल, मी नाही. व्यापाऱ्यांनी वजनांच्या बुडात जादा शिसं ओतलंय, शेतकऱ्याचा तंबाखू फुकट जातोय, अशी आवई उठली होती. शाळेला सुट्टी, पोरगी मागं लागली, आणि तुम्ही तिला स्कूटरवर पुढं उभी करून घेऊन गेलात. मला वाटलं, बाजारातून चुरमुरे घेऊन येतील. तिथं एका बाजूला काठ्या घेतलेले शेतकरी, दुसऱ्या बाजूला पोती ओढायचे आकडे हातात घेतलेले हमाल, आणि मधे तुम्ही, तुमची वजनांची लाकडी पेटी आणि रिबिनी बांधलेली माझी पोरगी!

मला हे कळलं ते जेवताना तिच्या तोंडून. तुम्ही मुकाट्यानं भात कालवत होता. ती सांगत होती, "आप्पांनी आधी आपलीच वजनं दोघांच्या हातात दिली. म्हणाले, पयलं माझी तपासा, मग मी तुमची तपासतो. त्यांनी उलटीपालटी करून बघितली. मग आप्पांनी काटा लावला." मी विचारलं, "मग?" तर म्हणाली, "मग सगळी काट्याकडं बघालती, आई. एकमेकांकडं कुणी बघंनाच."

वजनं बरोबर निघाली. शेतकरी म्हणाले, साहेब विकला गेला. व्यापाऱ्यांनी दिवस बुडाला म्हणून शिव्या घातल्या. दोन्हीकडच्या शिव्या खाऊन आणि शर्टाची बाही फाडून तुम्ही घरी आलात. पण त्या दिवशी निपाणीत कुणाचं डोकं फुटलं नाही, हे मला मान्य करायला हवं. तेव्हा केलं नव्हतं. चार दिवस तुमच्याशी बोलणं टाकलं होतं.

बाकीचे बाप पोरींना जत्रेला नेतात. तुम्ही तिला तिथं नेलंत, म्हणून आज ती या नोकरीत आहे, असं माझं ठाम मत आहे. तुम्ही म्हणाल, "शालन, पोरीला सोताचं डोकं हाय." असेल. पण ते डोकं कुणी भरवलं?

मला 'नको जाऊ' म्हणायला काय लागतंय? एका शब्दाचं काम. दिवाळीला ती घरी येईल, बेळगुंदीला जाऊ, तुमच्या भावाच्या शेतातली रताळी निखाऱ्यात भाजून खाऊ, ती हात काळे करून घेईल आणि मी ओरडेन. दुपारपासून मी हे सगळं इतक्या वेळा डोळ्यांसमोर आणलं आहे की रताळ्याचा वाससुद्धा येतो आहे.

मग वाटतं, तिच्या जागी कुणीच गेलं नाही तर? करार मोडला, सगळं पुन्हा बाहेर काढलं, तर मग ती कुठं सुरक्षित राहणार? तिच्या ऑफिसात? इथं अनगोळात, माझ्या पदराखाली? दुसऱ्या कुणाच्या तरी पोरीला पाठवा, असं तोंड उघडून म्हणण्याची माझी छाती नाही. पण मनात मी तेच म्हणते आहे. तुमच्यापासून काय लपवायचं.

टीव्हीवर एक जण ओरडत होता, कागदानं कधी बाँब थांबलाय का म्हणून. इस्त्रीचा शर्ट, एसीची हवा, पुढं पाण्याचा ग्लास. मी टीव्हीला म्हणाले, मग काय तुझ्या ओरडण्यानं थांबतोय व्हय रं? आणि बंद केला. पण खरं सांगू? त्याचं बोलणं डोक्यातून जात नाही. कागदच तो. फाडायला किती वेळ लागतो?

मला भीती वाटते हो. तुमच्या आजारात वाटायची ती वेगळी होती. तिथं डॉक्टर होते, रिपोर्ट होते, विचारायला माणूस होतं. रडायला आलं तर हॉस्पिटलच्या जिन्यात जाऊन रडता यायचं. या भीतीत कुणाला विचारू? भाजीवाली रोजच्यासारखी येते, पोरं शाळेत जातात, समोरच्या घराला रंग चालला आहे, आणि मला वाटतं हे सगळं कुणाच्या तरी चुकीच्या एका संशयावर टांगलेलं आहे. काल तर रंगाऱ्याला म्हणणार होते, कशाला रंगवतोस बाबा. जीभ चावली.

आणि एक गोष्ट मला दुपारपासून टोचते आहे. ही पोरगी आयुष्यात मला विचारून काही करत नाही. कॉलेज बदललं ते सांगितलं नाही. परदेशी निघाली ते तिकीट काढल्यावर सांगितलं. लग्नाचं स्थळ मी आणलं तर 'बघू' म्हणून वर्षं घालवली. मग आजच का विचारलं? मी अडवावं असं तर तिच्या मनात नाही?

थांबा. हे तिलाच विचारते. त्याशिवाय मला पुढं लिहिता येणार नाही.

बोलले. आता जसं झालं तसं लिहिते.

मी सरळच विचारलं, "आशू, भ्या वाटालंय काय गं तुला?"

"व्हय, आई. लई."

"मग मी न्हाय म्हणावं असं हाय काय तुझ्या मनात? खरं सांग."

म्हणाली, "दुपारी तसंच वाटालतं. तू न्हाय म्हणशील, मग मी सायबाला सांगीन, आई सोडंना. कुणी मला नावं ठेवली नसती."

"आणि आता?"

"तू न्हाय म्हणालीसच न्हाईस. फोन ठेवलास. मग माझं मलाच ठरवाय लागलं."

बघा. कांद्याचं निमित्त करून मी पळाले, आणि पोरीनं तेवढ्यात आपलं ठरवून टाकलं. मी विचारलं, काय ठरवलंस. म्हणाली, "आम्ही गेलो न्हाय तर दोघंबी म्हणणार, बघा, त्यानं लपवलंय. आणि दोघांनाबी खरंच तसं वाटणार. आई, मी काय शूर न्हाय. पण तिथं कुणीतरी बघत बसाय पायजे, आणि ते काम मला येतंय."

तुमचाच आवाज ऐकल्यासारखं वाटलं, फक्त बाईचा. माझ्याजवळ म्हणायला पुष्कळ होतं. तोंडातून आलं ते एवढंच, "जाऊन ये."

मग दोघी रडलो. ती तिकडं, मी इकडं. रडून झाल्यावर तिनं विचारलं, जेवलीस का. मी खोटं सांगितलं.

मी मोठ्या मनानं तिला पाठवलं, असं तिकडं कुणाला सांगत बसू नका. मोठं मन वगैरे काही नाही. परवा सकाळी तिचं विमान आहे आणि मी आत्तापासून घड्याळ बघते आहे. ती तिथं असेपर्यंत ते दोन देश रोज एकमेकांना काय म्हणतात ते मी ऐकणार, आणि ज्या दिवशी काहीच म्हणणार नाहीत त्या दिवशी जास्त घाबरणार. भांडण मिटलं असंही समजू नका. निपाणीचं मी अजून माफ केलेलं नाही.

पण एक शब्द तुम्हाला देते. ती परत येईपर्यंत मी नीट राहीन. बीपीची गोळी चुकवणार नाही. दोन वेळ जेवेन, आज अगदी वरणभात का होईना, पण करीन. ती दारात येऊन उभी राहिली की तिला घरात आई दिसेल. तोवर मी तुमच्याकडं येत नाही, कितीही आठवण आली तरी.

तुम्हीही एक करा. आपल्यात आधी तुम्ही गेलात. आता माझा नंबर, आणि ती माझ्यानंतर, खूप म्हातारी होऊन. मधेच कुणी पुढं घुसायचं नाही. आणि ही पोरगी चुकून माझ्या आधी तुमच्या दारात आली, तर तुमची कितीही लाडकी असू दे, हात धरून आत घेऊ नका. रागवा तिला. आई वाट बघालीया म्हणून सांगा, आणि परत पाठवून द्या.

तुमची,
शालन