काळ्या चौकटीतली दीर्घिका

६ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

वेधशाळेत मी दुर्बिणीला डोळा लावून बसते, असं मामींना वाटतं. तसं काही नाही, दिवसभर संगणकापुढे डोळे फोडते. गेल्या वर्षी एक अवाढव्य तारा मरताना चाळीस सेकंद गॅमा किरण फेकून गेला. उपग्रहाने जागा टिपली, पण तिथला फोटो काळा ठिक्कर! तो ज्या दीर्घिकेतला, म्हणजे ताऱ्यांच्या ज्या गावातला, तिचा मागमूस नाही. मला वाटतं, ती स्वतःच्याच धुळीत दडलीय. शेजारी एक निळी, देखणी दीर्घिका आहे. आमच्या विभागप्रमुख बाई म्हणतात, तिच्या नावावर स्फोट लिही आणि मोकळी हो. धुळीची ऊब टिपणाऱ्या अँटेनांवर निरीक्षणासाठी दोन तास मागावेत का? काही नाही सापडलं तर पुन्हा मला कोणी दारात उभं करणार नाही.

गुडघे सांभाळा. माया आहेच, तिला गंज चढू देऊ नका.

तुमची भाची

१५ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अ. उ. आ.

चाळीस सेकंदांत गेलेल्याचं घर तू वर्षभर शोधतेस, हे ऐकून मामीने कपाळाला हात लावला. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. पण अग्निशमन दलात अठ्ठावीस वर्षं धूर खाल्लाय. एका गोदामाच्या आगीत ज्वाळा दिसत होत्या तिकडेच आम्ही पाणी मारत राहिलो. दुसऱ्या टोकाला नुसता धूर होता. तिथली भिंत माझ्या हाताला तापलेली लागली, तरी साहेबांपुढे तोंड उघडलं नाही. पहारेकरी त्या भिंतीमागे होता. वाचला नाही. मामीलासुद्धा हे आजच सांगितलं.

तुझा अंदाज चुकला तर कोणाचा जीव जाणार नाही, मग घाबरतेस कशाला? आणि एक कळव, ती धूळ तापते कशाने?

पत्र लांबलं तरी चालेल, लोभ आखडू नकोस.

तुझा मामा

२० मे

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

पहारेकऱ्याचं वाचलं. मामींशी बोललात, बरं केलंत.

दुसऱ्याच दिवशी अर्ज केला. बाईंनी कुरकुरत सही केली. निळी बया आपल्या बरीच जवळची निघाली, स्फोटाच्या वाटेत नुसतीच उभी! आणि काळ्या जागी, नेमकी तिथेच, ऊब सापडली. आपली पृथ्वी नव्हती तेव्हा निघालेली. धूळ तापते ती आत दडलेल्या नव्या ताऱ्यांनी. तिथे वर्षाला शेकडो जन्मतायत. मामा, मेलेल्याचं घर शोधायला गेले आणि बाळंतिणीच्या खोलीत शिरले.

बाईंनी आणखी पाच काळ्या जागांची यादी पुढ्यात टाकलीय. आशीर्वाद पाचपट पाठवा.

तुमची भाची