बाबा येण्याच्या दिवशी यंत्र घरी मिळणेबाबत

प्रति,
मा. डॉ. मंजूषा देव,
सहभागी समन्वयक,
मणका दुखापत संशोधन विभाग,
पुनर्वसन केंद्र, ब्रेडा (नेदरलँड्स).

विषय : दि. १८ सप्टेंबर रोजी स्नायूंना वीज देऊन उभे करणारे यंत्र दोन तासांसाठी घरी मिळणेबाबत.
संदर्भ : सहभागी क्र. ११, गुरुवारचे सत्र, सकाळी ११.

महोदया,

केंद्राचा विनंती फॉर्म डचमध्ये आहे आणि तो सात जणांची समिती वाचते. खालील मजकूर सात जणांनी वाचावा असे मला वाटत नाही, म्हणून आपल्याकडे मराठीतून अर्ज करीत आहे.

१. मी, अनुप शिवाजी गजभिये, वय ३८, गेल्या वर्षी जानेवारीत बर्फावर सायकल घसरून कालव्याच्या कठड्यावर पाठीवर पडलो. तेव्हापासून बेंबीखाली काही हलत नाही. आपल्या प्रयोगात मांड्यांवर व कुल्ल्यांवर पट्ट्या चिकटवून वीज सोडली की दांड्या धरून मी उभा राहतो. वरून दोरांचा आधार असतो. सध्या सहा मिनिटे जमते, मग गुडघे सुटतात.

२. वडील भंडाऱ्याला असतात. माझ्या अपघाताच्याच आठवड्यात त्यांची बायपास झाली होती, म्हणून मी पाय मुरगळल्याचे कळवले. पुढे आज सांगू, उद्या सांगू करत वीस महिने गेले. प्रयोगात दाखल होईपर्यंत कॅमेरा बिघडल्याचे सांगितले. त्यानंतर व्हिडिओ कॉल फक्त गुरुवारी, उभा असतानाच केले. मी छातीपर्यंतच दिसेन असा फोन पत्नी राखी धरीत असे. आधाराचे पट्टे दिसू नयेत म्हणून मी जुलैतही जाड जॅकेट घातले. फोन आत आणण्याची परवानगी मी 'प्रगतीची नोंद' म्हणून घेतली होती. ती आपली फसवणूक होती. मला तिची लाज वाटते.

३. वडील दि. १८ रोजी सकाळी येत आहेत. तरी (अ) यंत्र घरी मिळावे. (आ) तंत्रज्ञ श्री. केतन यांनी लॅपटॉपसह स्वयंपाकघराच्या दाराआड बसावे; चहा तेथेच देण्यात येईल. (इ) पाया पडण्यापुरते वाकता येईल का, हे तपासावे. श्री. केतन म्हणतात, यंत्र उभे करते, वाकवत नाही. वाकलात तर तोंडावर आपटाल. किती जोरात, असे मी त्यांना विचारले आहे.

४. इथवर अर्ज काल सकाळी लिहिला. कालच्या सत्रात राखीने फोन धरायला नकार दिला, त्यामुळे कॉल झाला नाही. दुपारी बाबांनीच साधा फोन केला. म्हणाले, "अनुप, बापाले एवढा मान नोको देऊ. फोन लावला का उभाच रायतं. बसून बोलत जा ना बाबू."

मी त्यांच्या मानाखातर उभा राहतो अशी त्यांची समजूत आहे. हे त्यांनी विहारात सर्वांना सांगितले आहे. माझे दोन चुलतभाऊ आता त्यांचा फोन आला की उभे राहतात. एक जण त्यासाठी चालती ऑटो थांबवून उतरला. बाबा एस.टी.त वाहक होते. एकतीस वर्षे त्यांनी उभ्याने तिकिटे दिली, म्हणून माझे पाय दुखत असतील याची त्यांना काळजी लागली आहे. मी "हो बाबा" म्हणालो आणि फोन ठेवला.

५. सबब परिच्छेद ३ रद्द समजावा. कागद पुन्हा लिहायचा धीर नाही. राखी बाबांना विमानतळावरून थेट केंद्रात आणेल. मी उभा असेपर्यंत त्यांना बाहेरच थांबवावे. तेवढे त्यांनी पाहिले आहे. सहा मिनिटे संपून वीज बंद होते आणि मला चाकाच्या खुर्चीत उतरवतात, त्या वेळी त्यांना आत सोडावे. मला त्यांच्यासमोर बसायचे आहे.

आपण त्या वेळी हजर राहावे, ही विनंती. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही तर आपण त्यांना एवढेच सांगावे, की अनुप मान देण्यासाठी उभा राहत नव्हता, बसलेला दिसू नये म्हणून राहत होता.

आपला नम्र आणि शरमिंदा,
अनुप शिवाजी गजभिये
ब्रेडा, दि. ५ सप्टेंबर २०२५

सोबत : वडिलांच्या विमान तिकिटाची प्रत, त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांचे पत्र.