नानांनी बेणं कुणाला दिलं

९ जाने. १९९४
नानांच्या गावी जाऊन आलो. प्रकाशची स्कूटर सावद्याच्या अलीकडे पंक्चर झाली, ढकलत ढकलत निघालो. माझ्याच कॉलेजात भूगोलाचा प्राध्यापक, पण पंक्चरवाला पुढे आहे की मागे हे त्याला सांगता येईना. तरी कबूल करायला हवं, प्र. नसता तर माझी पीएच.डी. जळगावच्या स्टँडवरच आटोपली असती. गाव त्याचं. नाना म्हणजे त्याच्या वडिलांचे जुने दोस्त, गावातले मोठे बागायतदार. त्याच्या मागोमाग मी घरोघर शिरतो, चहा पितो, नवं वाण कुणाकडून कुणाकडे गेलं ते विचारतो.

वरची आळी आज पुरी केली. केळीचं नवं बेणं, म्हणजे 'श्रीमंती' वाणाचे कंद, तुमच्याकडे आलं कुठून? साडूनं दिलं. व्याह्यांनी दिलं. मेव्हण्यानं बैलगाडीत घालून पाठवलं. कृषी अधिकाऱ्याचं नाव कुणाच्या तोंडी नाही. रेडिओ लोक गाण्यांसाठी लावतात. बाजारात म्हणावं तर चांगल्या बागेतलं बेणं कुणी विकतच नाही. देतात, आणि सोयऱ्यांना देतात. लेक ज्या गावी दिली, त्या गावाला तिच्यामागून नवी बाग जाते. पुस्तकं वाचून वाचून डोळे गेले, हे कुठं सापडलं नव्हतं.

नानांकडे जेवण. भरीत, कळण्याची भाकरी. वाढता वाढता अक्कांनी (नानांची बायको) विचारलं, "सर, तुमच्या घरी पत्रिका पाह्यता का?" म्हटलं, नाही, आम्ही मानत नाही. "बरं हाये," म्हणाल्या आणि आणखी एक भाकरी टाकली. प्र. मान खाली घालून जेवत होता.

२३ जाने., धुळे
सरांना (माझे मार्गदर्शक) कच्चं लिखाण दाखवलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "इंगळे, हे काहीतरी आहे." मग त्यांनी नेमकं दुखणं दाबलं. सोयरिकीच्या वाटेनं नवं तंत्र जात असेल, तर जात नाही कुणाकडे?

म्हटलं, ज्यांच्याशी सोयरीक होत नाही त्यांच्याकडे. त्याच शिवारात, बांधाला बांध लागून आमच्या बौद्ध मंडळींची शेतं आहेत. तिथं केळी अजून जुन्या बसराई वाणाचीच. मी पाहून आलोय.

सर म्हणाले, मग शेवट फार काळा होतो. एखादं तरी उलटं उदाहरण नाही? मग मामाचं सांगितलं. गेल्या जूनमध्ये नानांनी आपणहून विचारलं होतं, तुमच्याकडी कोणी बागायत करते का? म्हटलं मामा, धरणगावला. लगेच बेणं काढून टेम्पोत भरून दिलं. पैशाचं नाव काढू दिलं नाही. सर टेबलावर हात आपटून म्हणाले, हेच पाचवं प्रकरण. शिकलेला माणूस मध्ये आला की बेणं जातीबाहेर जातं. भिंतीला एक तरी भोक असतं, ते दाखवा.

येताना एस.टी.त उभं राहावं लागलं, पण काही वाटलं नाही.

१० फेब्रु.
प्रक. ५ लिहितोय. सुचतंय भराभर. संध्याकाळी मामा आला, बाग निसवली, घड बाहेर पडले म्हणून पेढे घेऊन. बसल्या बसल्या मायला सांगत होता, "घड असा शे ना ताई, की बठ्ठं गाव पाही गयं." मला म्हणाला, तुझ्या नानांना एकदा घेऊन ये, माझ्या बांधावर बसवतो. म्हटलं आणतो.

घड खरंच मोठे असतील. मामा सहसा वाढवून सांगत नाही, मायच्या माहेरात तो एकटाच तसा.

५ मार्च
आज लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.

दुपारी शिपाई म्हणाला, पाहुणे आलेत. बाहेर नाना आणि त्यांचे मेव्हणे. कडक धोतर, टोपी. वाटलं, दवाखान्यात कुणाला आणलं असेल. स्टाफरूममध्ये बसवलं, चहा मागवला. मेव्हणे विचारत होते, घरी कोण कोण, घर भाड्याचं की सोताचं, मूळ गाव कोणतं. मी सांगत गेलो, धरणगाव. "तिकडी आपले लोक कमी," मेव्हणे म्हणाले. मला तेव्हाही उमजलं नाही, एवढा मी शहाणा.

मग नाना म्हणाले, "प्रकाशनं बठ्ठं सांगेलच होतं. तुमचे वडील धुय्याकडी नोकरीले होते म्हनून तुमची बोली येगयी. पोरगी डी.एड. झाली, तुम्ही पाह्यलेली हाये. आमच्याकडून होकार हाये सर. आता तुमच्या आईले भेटू."

वडील धुळ्यात होते हे खरं, माझी बोली वेगळी हेही खरं. त्याच्या आसपास काय काय उभं केलंय ते मला तिथं, त्या खुर्चीत बसून कळलं.

मी म्हणालो, आईशी बोलतो. एवढंच. त्यांना स्टँडवर सोडून आलो.

७ मार्च
प्र. ला कॉलेजच्या मागच्या मैदानात गाठलं. त्याला वाटलं होतं मी हसेन.

त्याचं म्हणणं, पहिल्याच फेरीला नानांनी त्याला बाजूला घेऊन विचारलं, पाहुणे कोणाचे? गावाकडे पाहुण्याला तोंडावर कुणी विचारत नाही, आणणाऱ्याला विचारतात. हा बोलून गेला, आपल्याच समाजाचे, माझ्या मामाकडून नात्यात लागतात. इंगळे आडनाव त्यांच्यातही आहे, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या घरांत जेवतोय, पोरांच्या परीक्षांची चौकशी करतोय, आणि जेवत होता तो प्र. च्या मामाकडचा कुणीतरी.

"तुझं काम झालं ना पण?" म्हणतो. "खऱ्या ओळखीनं गेला असतास तर ओट्याच्या वर घेतलं असतं का तुला?"

म्हटलं, तेच मला पाहायचं होतं. त्याच्यासाठीच मी गेलो होतो. घेतलं असतं किंवा नसतं, जे झालं असतं ते मी लिहिलं असतं. तू कोण मधे पडणारा?

"मी मित्र म्हणून केलं."

हेच तर. दुश्मनानं केलं असतं तर निदान शिवी देता आली असती.

१२ मार्च
प्रश्नावल्या पुन्हा काढून बसलो. बेणं कुणाकडून? ते तुमचे कोण? त्यांची लेक कुठं दिली? सून कुठली? आता वाचताना माझंच मला हसू येतं. दोन वर्षं मी बेण्याच्या निमित्तानं घरं पाहत हिंडतोय असं गावाला वाटलं, यात गावाची काय चूक? लग्नाचा माणूस याहून वेगळं काय विचारतो?

पण हसू टिकत नाही. मामाला दिलेलं बेणं. तेही ह्याच वाटेनं गेलं. होणाऱ्या जावयाच्या मामाला दिलं नानांनी. भिंतीला भोक नव्हतंच. प्र. नं मला उचलून भिंतीच्या आत नेऊन ठेवलं आणि मी बाहेर ओरडत होतो, बघा, भोक पडलं.

प्रक. ५ निकालात निघालं. प्रबंध आणखी खरा झाला म्हणायचा. मला तो तसा नको होता.

२० मार्च, धुळे
सरांना सगळं सांगितलं. मधे एकदाही थांबवलं नाही, वाटलं समजून घेतायत. शेवटी म्हणाले, "हे कुठं लिहू नका. बेणं गेलं ही वस्तुस्थिती आहे ना? का गेलं त्यात शिरायचं नाही. परीक्षकांना हे प्रकरण आवडेल."

म्हटलं सर, आपला विषयच 'का गेलं' हा आहे.

"तुम्ही भावनेच्या भरात आहात, इंगळे."

भर कसला? मला गेले दोन आठवडे धड जेवण जात नाही. एकानं माझी जात बदलली, दुसरा म्हणतो ती तशीच राहू दे, प्रकरण छान वाचतं. ह्या दोघांवर मी आईनंतरचा विश्वास टाकला होता.

१४ एप्रिल
जयंती. मिरवणूक, दुपारी घरी जेवणं. दर वर्षीसारखा प्र. आला, जसं काही झालंच नाही. मायनं वाढलं. मी आतल्या खोलीतून बाहेर आलो नाही.

तो गेल्यावर मायला सांगितलं. ती भांडी घासत होती, हात थांबले नाहीत. "तुनी काय चोरी करेल शे का?" म्हणाली. "मंग तू कसाले लपी बसना? जा, तेसले सांगी ये." 'आईशी बोलतो' म्हटलं होतं नानांना. महिना उलटून गेल्यावर बोललो.

२९ एप्रिल
एकटाच गेलो. एस.टी., पुढे पायी. ऊन असं की बागेच्या कडेकडेनं चाललो.

नाना ओट्यावर दोरी वळत बसले होते. नमस्कार केला, बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. नाना, मी बौद्ध आहे. प्रकाश खोटं बोलला. मला माहीत नव्हतं.

"मले प्रकाशच्या बापानं सांगितलं, आठ दिवस झाले. म्हटलं, हा माणूस सोता येऊन सांगते का नाही ते पाहू." मग दोरीचा पसारा सारून, "बसा."

अक्का दिसल्या नाहीत. पाणी नानांनी स्वतः उठून आणलं. आता याचा अर्थ काय लावायचा? मान म्हणून आणलं, की अक्का आणेनात म्हणून? पूर्वी मी असे अर्थ लावत बसायचो नाही. ही सवय प्र. नं लावली.

नाना म्हणाले, "पोरीले काय सांगू ते समजत नाही. तिनं दोन ठिकाणं नाही म्हटली, तुमच्यापायी." मी मान खाली घातली. तिच्याशी मी आयुष्यात चार वाक्यं बोललो असेन. तीही फसली, आणि तिच्या बाजूनं बोलायला कुणी नाही.

निघताना राहवलं नाही. विचारलं, नाना, आधी माहीत असतं तर मामाला बेणं दिलं असतं का?

त्यांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. "मले तसं मांगायले आतापर्यंत कोणी आलंच नाही," म्हणाले. "अन सर, तुम्ही तरी आले असते का मांगायले?"

मला संताप आला. प्रश्न माझा होता, उत्तर द्यायचं त्यांनी होतं. म्हटलं, बांधाला बांध लागून आमची शेतं आहेत नाना, एवढ्या वर्षांत तुम्हीही कधी विचारलं नाहीत, बेणं लागेल का. त्यावर ते "हो" म्हणाले. नुसतं हो. भांडले असते तर बरं झालं असतं.

१३ मे
आखाजी (अक्षय्य तृतीया). माय पुरणपोळ्या करतेय. सरांचं पत्र, प्रक. ५ जूनअखेर हवं. उत्तर दिलेलं नाही.

नानांच्या लेकीचं चोपड्याकडे जमलं असं स्टाफरूममध्ये कानावर आलं. बरं झालं. बरं झालं असंच लिहायला हवं.

२ जून
प्रक. ५ फाडलं. दुपारी तुकडे जुळवत बसलो.

१९ जून
संध्याकाळी प्र. आला. मी दारातच उभा राहिलो. म्हणाला, आत येत नाही, निरोप आहे. नानांनी मृगबागेसाठी, म्हणजे जूनच्या लावणीसाठी, बेणं काढायला घेतलंय. त्यांनी विचारलंय, इंगळे सरांच्या मामाले यंदा आणखी लागते का? आणि बांधाजवळच्या त्या बौद्ध शेतकऱ्यांनाही सांगा म्हणाले, लागेल तेवढं न्या.

एवढं ऐकायला मी दोन वर्षं त्या गावात चपला झिजवल्या. हे खरं असेल तर पाचवं प्रकरण उभं राहतं, आणि या वेळी खऱ्या नावावर उभं राहतं. अगदी मला हवं तसं. आणि मला काय हवं आहे हे प्र. इतकं कुणालाच माहीत नाही.

त्याच्या तोंडाकडे बघत राहिलो. पहिल्या फेरीला नानांशी बोलून आला तेव्हाही हा असाच उभा होता. चेहरा असाच, मोकळा.

विचारलं, नाना खरंच म्हणाले?

"आता तू माझ्यावर विश्वासच ठेवणार नाहीस का?" म्हणाला. डोळे भरले होते त्याचे. मीही काही दगड नाही. पण डोळे भरले म्हणजे बोलणं खरं, असं आता मला लिहून देता येत नाही.

मायनं आतून सगळं ऐकलं. मी बाहेर जाऊन येईपर्यंत तिनं शेजारच्या दुकानातून धरणगावला फोन लावून निरोपही दिला. मामाचा आनंद गगनात मावेना म्हणे. पाव्हण्याच्या गावी जायचं म्हणून धोतर धुवायला टाकलंय. उद्या सकाळी टेम्पो घेऊन येतोय. माय विचारतेय, दोघांचा डबा बांधू का. निरोप खोटा निघाला, तर त्या ओट्यासमोर मामा धुतल्या धोतरात उभा असेल.