मेलेल्या माणसाचं बारसं

भुसावळ, चैत्र १९४६

प्रिय सुंदर,

मायन्यातच अडलो. 'सौ.' लिहावं तर गावाने तुझं कुंकू केव्हाच पुसलंय, आणि 'श्रीमती' लिहायला मी काही मेलेलो नाही. म्हणून नुसतं नाव. घाबरू नकोस, अक्षर माझंच आहे, पूर्वीइतकंच गचाळ.

मलायाच्या रेल्वेत फिटर होतो, तिथून जपान्यांनी आम्हाला उचलून सयामात रूळ टाकायला नेलं, इथवर तुला कळलंच असेल. मग पटकी आली. आपल्या गावचा झुलाल माझ्याच टोळीत होता, त्याने मला आजाऱ्यांच्या झोपडीत शेवटचं पाहिलं आणि गावी येऊन मी गेल्याचं सांगितलं. त्याला बोल लावू नका. त्या झोपडीतून कुणी उठत नसे. मी उठलो आणि नदीच्या कडेकडेने पळालो.

एका गावाने मला लपवलं. पहिल्याच दिवशी एक म्हातारी नदीकडे हात करून 'मे नाम, मे नाम' म्हणू लागली. मला वाटलं, नाव विचारतेय. मी छातीवर हात ठेवून सांगितलं, अभिमन. 'मे नाम' म्हणजे नदी. शब्द फोडला तर पाण्याची आई, आपल्या तापीमाईसारखीच. तेव्हापासून तिथली पोरं नदीलाच अभिमन म्हणू लागली.

मुलूख मोठा न्यारा. घरं खांबांवर उभी, पूर आला की खालची गुरं तेवढी हलवायची. तालुक्याला अम्फो म्हणतात. त्यांचा मामलेदार घोड्याऐवजी होडीने फिरतो, कारण रस्ता म्हणजे नदीच. पूर्वी ब्रह्मी फौजा याच वाटेने उतरायच्या, म्हणून काठाने जुनी ठाणी आहेत. आठ-दहा गावांवर एक कमनान, म्हणजे थोरला पाटील. पण वतन नाही, लोकच त्याला निवडतात. हे आबांपुढे वाचू नकोस, पाटीलकीवरून त्यांचं डोकं फिरेल. आमच्या कमनानने जपान्यांना सांगितलं, हा मुका आहे, म्हशी राखतो. मी मुका राहिलो, सुंदर, मी. तुला पटणार नाही.

गेल्या आठवड्यात इथे चुलतभाऊ गिरधरच्या खोलीवर उतरलो. पाणी मागायच्या आधी तुझं विचारलं. तो सांगू लागला, वहिनीला पाटासाठी दोन स्थळं आली, सासरे असून आबांनीही दुसरं लग्न कर म्हणून समजावलं. मी खाली ठेवलेलं बोचकं पुन्हा उचललं. मग म्हणाला, 'वहिनी घरमाच शे.' घरातच आहे! आपल्या बोलीतलं ते 'शे' ऐकलं आणि मी उंबऱ्यावर बसून पोटभर रडलो. इतकं हलकं मला जपानी हरले आणि सुटका झाली त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

आता कामाचं. गिरधरने मी आल्याचं कळवलं, त्यावर आबांचा निरोप आलाय की माझं दहावं-तेरावं झालेलं, तेव्हा थेट घरात पाऊल टाकायचं नाही. गुरुजी म्हणतात, मी आधी नव्याने जन्मायचं, माझं बारसं करायचं, आणि मग तुझ्याशी पुन्हा लग्न लावायचं. आबांनी मुहूर्त काढलाय, तुझा होकारही परस्पर देऊन टाकलाय. पहिल्या लग्नातही असंच झालं होतं, तू चौदाची होतीस आणि तुला कुणी विचारलं नव्हतं. या वेळी मी विचारतोय. करशील माझ्याशी लग्न? नको असेल तर मी इथेच नोकरी बघेन आणि तुला कुणाचा शब्द लागू देणार नाही. तू चौथी शिकलीयस, उत्तर तुझ्या हाताने लिही. ते येईपर्यंत मी गावच्या गाडीत बसणार नाही.

तुझाच,
अजून बारसं न झालेला
अभिमन