सातव्या खेपेचं गणित

सर, तुम्ही गेलात त्याला पन्नासेक वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुम्हाला चार ओळी लिहाव्यात असं वाटलं नाही, आणि आजही प्रेमानं लिहितोय असं समजू नका. झालं असं, की मागच्या महिन्यात बीडला एका क्लासवाल्यानं माझा सत्कार केला. शाल, नारळ आणि फुलांपेक्षा पानंच जास्त असलेला हार. कशाबद्दल, तर मॅट्रिकच्या गणितात सहा वेळा आपटून सातव्या खेपेला पास झालो म्हणून! माझ्याआधी कोट घातलेला एक वक्ता तासभर ओरडत होता. उठा, स्वप्नं पाहा, हरू नका. नारायणगडाच्या जत्रेत दंतमंजन विकणारा याच्यापेक्षा बरा, तो निदान स्वतःचे दात दाखवतो. एका वाक्याला चाल नाही, की श्वास घ्यायला जागा नाही. पोरं मात्र वहीत उतरवून घेत होती. मग माईक माझ्या तोंडाशी आला. "आजोबा, यशाचं रहस्य सांगा." मी घसा साफ केला आणि म्हणालो, "चिकाटी, बाळांनो. मी हात टेकले नाहीत." सभागृह टाळ्यांनी दणाणलं. पहिल्या रांगेत माझी नात बसली होती.

आता खरं काय ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक. चौसाळ्याच्या शाळेचा पत्र्याचा वर्ग, उन्हानं पत्रा कडकड वाजतोय. तुम्ही डोळे मिटून कविता म्हणताय आणि सगळ्या वर्गात एकटा मी डोलतोय. ओळ संपते तरी माझ्या कानात ती चालूच राहते. पुढचा तास गणिताचा, पण ते मास्तर कुणाच्या लग्नाला गेलेले, म्हणून तुम्हीच थांबता. मला फळ्याशी बोलावता. अ अधिक ब, सगळ्याचा वर्ग. मी अचा वर्ग लिहितो, बचा वर्ग लिहितो आणि खडू ठेवतो.

"काय बे, कवितेला डोलतोस अन् इथं खांबावानी उभा? मधलं पद कुणी खाल्लं? तुझ्या आज्यानं?"

वर्ग हसतो. तेवढ्यावर थांबला असतात तर तुम्ही कसले! टेबलावर ताल धरून तुम्ही भुजंगप्रयातात गाता,

अचा वर्ग जोडा, बचा वर्ग जोडा,
मधे दोन त्यांचे गुणाकार जोडा.

"घे. तुला गणित यायचं न्हाई, गाऊन तरी पास हो."

पुढं कित्येक दिवस मी आमच्या दुकानात गूळ तोलत असलो की रस्त्यावरून पोरं तेच गात जायची. ज्या वृत्तावर मी जीव टाकायचो ते तुम्ही माझ्याच फजितीला जुंपलंत. तुमची थोरवी ती एवढीच. आमचे वडील म्हणायचे, "आरं, जाय की सरांकडं. सगळी सूत्रं चालीवर बसवून देतो म्हणत्यात." मी म्हणायचो, "न्हाई जात." मार्च, ऑक्टोबर, पुन्हा मार्च. दरवेळी पेपरात त्या दोन ओळी ओठांवर यायच्या आणि मी त्या गिळायचो. सहा वेळा गिळल्या. सहाव्या निकालानंतर तुम्ही तापानं गेलात. मग कुणावर रुसायचं? राहिलेली सूत्रं मीच त्या चालीवर बसवली आणि सातव्या खेपेला पेपरभर मनातल्या मनात गात बसलो. काठावर पास झालो. निकाल दाखवायला तुम्ही नव्हतात.

याला चिकाटी म्हणायचं! मग गेवराईच्या रस्त्यात मधोमध बैल ठाण मांडून बसतो, त्यालाही शाल घाला.

मी एवढ्यावर हसून सोडून दिलं असतं. पण नात तीनदा तलाठ्याच्या परीक्षेला बसली, तिन्ही वेळा गणितात राहिली. तिची आई, म्हणजे माझी सून, शाळेत गणितच शिकवते. एकदा चिडून म्हणाली, "तुझ्याच्यानं व्हायचं न्हाई." त्या दिवसापासून पोरगी वही घेऊन आईसमोर बसत नाही. परवा मी म्हटलं, "आईला विचार की गं." तिनं भिंतीकडं बोट केलं. "आजोबा, तुमीच म्हणलात ना? मग मी आईफुडं कशाला टेकू?" तिथं माझं वाक्य, लाल पेनानं, मोठ्या अक्षरात. मी हात टेकले नाहीत. खाली माझं नाव.

आत स्वयंपाकघरात सुनेचं लाटणं थांबलं होतं. ती ऐकत होती. तेव्हाच सांगायचं होतं, की पोरी, मी तीन वर्षं नुसता अडून बसलो होतो, आणि ज्यानं हसं केलं त्याच्याच ओळींनी पास झालो. तोंड उघडलं आणि म्हणालो, "चहा ठेव जरा."

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, हे मला कळतं. खरं तर ते तिच्या टेबलावर ठेवायला हवं. पण माझ्याच उशीखाली ठेवतोय. सर, त्या टाळ्या मला फार आवडल्या होत्या.