व्हिडिओला माझा सक्त विरोध

तीर्थस्वरूप मामांस,

भाच्याचा साष्टांग नमस्कार. (मामी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, म्हणून तुम्हालाही. कंसातलं मात्र मनातच वाचा.) डोळे कसे आहेत? नव्या चष्म्याचा काही उपयोग झाला का?

इकडे मी ठीक, फक्त तोंड दाखवायला जागा उरलेली नाही. मी ज्या साइटवर लोकांच्या प्रोग्रॅमिंगच्या प्रश्नांना उत्तरं देत लष्कराच्या भाकऱ्या भाजतो, तिथे व्हिडिओ धडे असावेत का, यावर मतदान निघालं. मी विरोधकांचा पुढारी. लेखी उत्तरातली चूक कुणीही दुरुस्त करतो, व्हिडिओतली चूक जन्मभर बोलत राहते. दोन ओळींच्या उत्तरासाठी परक्या माणसाचं घसा खाकरणं का ऐकायचं, वगैरे तोफा डागल्या. लोकांनी वाहवा केली आणि मी हरभऱ्याच्या झाडावर चढलो. तेवढ्यात एका नवख्यानं विचारलं, यादी उलटी कशी करायची? बारीक अक्षरं दिसत नाहीत, कुणी बोलून दाखवलं तर बरं होईल. त्याला कुणीतरी ठणकावलं, ‘डोळे उघडून वाचा.’ त्याचीही वाहवा झाली. नवखा पुन्हा फिरकला नाही.

(मामी, साइटवर कुणी टोचून बोललं म्हणून मामांनी प्रोग्रॅमिंग शिकणं सोडून कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून ठेवलाय, असं तुम्ही परवा फोनवर म्हणालात. तेव्हापासून मला घास गोड लागत नाही.)

तर मी मत फिरवलं आणि त्या प्रश्नाचा व्हिडिओ स्वतःच केला. स्वयंपाकघरात बसलो, कारण दार तिथलंच नीट लागतं. घसा इतका खाकरला की हिनं बाहेरून पाणी हवं का विचारलं. यादी काही उलटी होईना. शेवटी हीच आत येऊन म्हणाली, ‘अहो, कंस बंद करायचा राहिलाय.’ हे सगळं व्हिडिओत आहे. खाली पहिलीच प्रतिक्रिया आली, ‘गुरुजी, डोळे उघडून लिहा.’

कळावे, लोभ असावा, असं लिहायचा धीर होत नाही.

आपला भाचा

ता. क. व्हिडिओ सोबत पाठवला आहे. अक्षरं मोठी केली आहेत. मामा, टॉवेल काढून एकदा ऐका.

आणखी एक ता. क. मामी, हे मोठ्यानं वाचा. तो ‘कुणीतरी’ मीच. माझा हात धरून ज्यांनी मला अक्षरं गिरवायला शिकवलं, त्यांना मी वाचायला शिकवायला गेलो. फार लाज वाटते, मामा. मामी, ते चिडले, ओरडले, तर काळजी नाही. पण काही न बोलता आतल्या खोलीत गेले, तर मला लगेच कळवा. मी निघतो.