नऊला बंद होणारं फाटक

मंगळवार, संध्याकाळ

सुनंदाचा तो अनवाणी पाय डोळ्यांपुढून हलत नाही, म्हणून लिहिते आहे.

अंगणवाडीचं फाटक मी सकाळी नऊला बंद करते. उशीर चालवून घेत नाही. शिस्त हवीच, शिवाय गावाभोवती वाघीण फिरते आहे. आज कुलूप लावतच होते, तेवढ्यात सुनंदा लेकीला कडेवर घेऊन धावत आली. एकाच पायात चप्पल. दुसरा काट्यांनी रक्ताळलेला.

"बाई, लावू नका जी!"

"बाकीच्या बाया कुठे आहेत?"

"रस्त्यानं येऊन राह्यल्या. मी नाल्यातून आली, एकटीच. थांबली असती तं तुमी फाटक लावलं असतं न."

मोहफुलं वेचायला बाया टोळीनं जातात आणि टोळीनंच परततात. एकटी कुणी येत नाही. वाघीण पिल्लं घेऊन नाल्यातच आहे, हे वनरक्षक कालच सांगून गेला.

"वाघिणीले तुमचा टाईम माईत नाई, बाई," मदतनीस कौसाबाई म्हणाली. मी तिला गप्प केलं. का केलं? खोटं काय बोलली ती?

चप्पल नाल्यात राहिली. ती घ्यायला सुनंदा वळली नाही. खिचडी खाताना लेक म्हणाली, "माय पळे तं मांगं पाला वाजे. माय थांबली का पाला बी थांबे."

उद्या पहाटे सुनंदा पुन्हा जाणार. मोहफुलं गळायची काही थांबत नाहीत.

घरी निघताना फाटकाची किल्ली कौसाबाईच्या हातात दिली. उद्यापासून सकाळी काठी घेऊन तिनं फाटकाशीच बसायचं, आणि टोळीतली शेवटची बाई आत आल्याशिवाय कुलूप लावायचं नाही.